तडीपाराला हसावं का?

पिंपरी-चिंचवडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बातमी वर्षानुवर्षं येत राहते. नावं बदलतात, पोलीस ठाणं बदलतं, मजकूर तोच. जिल्ह्यातून तडीपार केलेला गुंड राहत्या घरी सापडला. कुणी आईला भेटायला आलेला असतो, कुणी मित्राच्या वाढदिवसाला, कुणी गावच्या जत्रेला. गल्लीतल्या कुणीतरी पाहिलं, खबर गेली, पथक आलं, झडतीत कोयता मिळाला. कधी कधी खबऱ्याचीही गरज पडत नाही. गड्यानं स्वतःच गाण्यावर रील करून टाकलेलं असतं आणि मागे आपल्याच चौकाची कमान दिसत असते.

चहाच्या टपरीवर ही बातमी मोठ्यानं वाचली जाते आणि सगळे हसतात. मीही हसलो आहे. ज्याला कायद्यानं हद्दीबाहेर घातलं, त्याला चार दिवस हद्दीबाहेर काढवत नाहीत, हे हसण्यासारखंच आहे. या हसण्यातून मराठीत एखादी धमाल चित्रकथा निघू शकेल, मोबाइलवर आठवड्याला एक भाग अशी, आणि ती निघावी असं मला मनापासून वाटतं. पण त्याच पानावर बहुतेक वेळा दुसरीही बातमी असते: टोळक्यानं रात्री दहा-बारा गाड्या फोडल्या. या दोन बातम्या शेजारी शेजारी छापून येतात त्या गावात पहिलीला किती हसायचं, या प्रश्नाचं उत्तर मला सहज सापडलेलं नाही. म्हणून तो इथे नीट मांडून पाहतो.

कायद्याबाहेर घातलेल्या माणसासाठी मराठीला नेमका शब्द आहे. तड म्हणजे काठ. काठापलीकडे नेऊन सोडलेला तो तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली ही कारवाई होते आणि ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. त्यातलं कलम ५६ मुद्दाम वाचण्यासारखं आहे. एखाद्याच्या वागण्यानं लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे, आणि साक्षीदार जिवाच्या भीतीनं उघड साक्ष द्यायला पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं तर त्या माणसाला हद्दीबाहेर घालता येतं. लोकांची भीती हीच इथे कारवाईचा आधार आहे. लोक कोर्टात बोलले असते तर खटला उभा राहिला असता. ते बोलत नाहीत, म्हणून तडीपारी.

चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडे होती आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी पुणे शहराकडे. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र आयुक्तालय सुरू झालं आणि इंद्रायणी नदीचे दोन्ही काठ एका अधिकाऱ्याच्या हाताखाली आले. काठ एक झाले तरी चौकातला पानवाला अजून गुंडाचं नाव घ्यायला कचरतो. हप्ता मागायला येणाऱ्याचं खरं भांडवल कंबरेचा कोयता नसतो, ते हे कचरणं असतं. त्यामुळे विनोदाच्या बाजूनं बोलणाऱ्याचा पहिला मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो: ज्याला गल्ली हसली, त्याला घाबरणं गल्लीला पुढे जड जातं.

समजा, भोसरीतला एखादा मुलगा अशी कथा काढायला बसला. दिवसा चाकणच्या एखाद्या वेंडर कंपनीत क्वालिटीला, रात्री टॅबवर चित्रं. त्याचा नायक स्वतःला भाई म्हणवून घेणारा धांदरट तडीपार. इंद्रायणी ओलांडून तो पलीकडे जातो आणि बघतो तर तो काठ भलत्याच राज्याचा. नाक्यावर वेताळ बसलेला. रस्ता रुंदीकरणात पिंपळ तुटल्यानं बेघर झालेला मुंजा सामान घेऊन फिरतोय. आणि कुणालाच याचं नाव माहीत नाही. हा दम देतो, तर लोकांना वाटतं पत्ता विचारतोय. ते हातानं रस्ता दाखवतात. हा कोयता काढतो, तर एक म्हातारी म्हणते, बरं झालं बाबा आणलास, शहाळी सोलायची राहिलीत. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे रील टाकता येत नाही, आणि रील नसेल तर आपण भाई आहोत हे त्याचं त्यालाच पटेनासं होतं.

ही कथा मला वाचायला आवडेल. ती कुठे वाचली जाईल तेही मला दिसतं. दुसरी पाळी संपवून निघालेली कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात कंटेनरांच्या रांगेत अडकलेली असते आणि आतले सगळे चेहरे मोबाइलच्या उजेडात असतात. त्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुलं असतात, बिहार-उत्तर प्रदेशातलीही असतात. या मुलांच्या रोजच्या जगावर, त्यांच्या भाषेत, त्यांच्या हातातल्या पडद्यावर काढलेली चित्रकथा म्हणाल तर मराठीत फार थोडं मिळतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ‘चिंटू’नं रोजच्या चित्रपट्टीची गोडी घराघरांत लावली, पण चिंटूचं जग सोसायटीतलं, शाळेतलं, मध्यमवर्गीय आई-बाबांचं. एमआयडीसीच्या गेटबाहेरचं जग चित्रपट्टीत यायचं राहिलं.

अद्भुत आणि विनोद यांची सांगड घालायला मात्र पिंपरी-चाकणच्या या पट्ट्याला बाहेरून काही शिकावं लागणार नाही. तळेगावहून चाकणला निघालं की वाटेत इंदोरी लागतं. आज तिथून दिवसरात्र अवजड गाड्या जातात. याच गावानं आपलं नाव ज्यांना दिलं ते दादू इंदुरीकर, मूळ नाव गजानन सरोदे, मराठी तमाशाचे फार मोठे सोंगाडे. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगातला त्यांचा सावळ्या कुंभार पाहायला खेड्यांइतकेच पुण्या-मुंबईचे लोक जमत. संगीत नाटक अकादमीनं त्यांना पुरस्कार दिला. पुढे प्रकाश इनामदारांनी सावळ्या रंगभूमीवर जिता ठेवला, २००७ मध्ये मकरंद अनासपुरेंनी तो पडद्यावर केला. कथा काय, तर शापानं गाढव झालेला गंधर्व, त्याला हवी राजकन्या, आणि मागणी घालायला जाणार कोण, तर बावळा कुंभार. स्वर्ग, शाप, बोलणारं गाढव आणि राजदरबार, सगळं आहे. मोबाइलवर आज कुणी अशी कथा काढली तर तिला आपण नवं म्हणू. इंदोरीच्या माणसाला त्यात नवं वाटायचं कारण नाही.

पण सावळ्याकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण विनोदाच्या बाजूनं बोलणारे त्याचा दाखला फार लवकर देऊन मोकळे होतात. सावळ्या बावळा आहे, हजरजबाबी आहे, तोंडाळ आहे. त्याच्या हातात काही नाही. तो समोर उभा आहे राजाच्या, दिवाणाच्या. प्रेक्षक हसतो ते या बिनहत्यारी माणसाच्या बाजूनं, आणि त्या हसण्याचा नेम दरबारावर असतो. आपला तडीपार नायकही बावळा असेल, पण त्याच्या हातात हत्यार आहे आणि तो ज्याच्यासमोर उभा आहे तो दिवाण नाही, वडापाववाला आहे. नुसता बावळेपणा उचलला आणि तो कुणासमोर उभा आहे हे बदललं, तर विनोदाचा अर्थच फिरतो.

त्याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. बावळ्याच्या हातातला कोयता हा सराईताच्या कोयत्यापेक्षा कमी धोक्याचा नसतो. या भागात पोलिसांनी धरलेल्या टोळक्यांच्या बातम्या पाहिल्या तर त्यांत अल्पवयीन मुलं वारंवार असतात. कायद्याच्या भाषेत त्यांना विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, मित्रांसमोर मागे हटायची लाज, नीट धरताही न येणारं हत्यार आणि कुणीतरी मोबाइलवर चित्रण करतंय. असा वार कुठे बसेल हे मारणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याचा धांदरटपणा चित्रात गंमत वाटेल. इस्पितळात त्याच धांदरटपणाला दुसरं नाव असतं. विनोद नको म्हणणाऱ्यांचं हे म्हणणं मला खोडता येत नाही, आणि मी ते खोडायचा प्रयत्नही करणार नाही.

कोयत्याचं मला एक वेगळंच दुःख आहे. हा शब्द कष्टाचा होता. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आजही मुकादमाच्या हिशेबात एक कोयता म्हणतात. जोडीला मिळून उचल दिली जाते. शहाळं, ऊस, बाभळीची फांदी, सगळ्याला तो लागतो. अलीकडच्या काही वर्षांत पुण्या-पिंपरीच्या बातम्यांनी तोच शब्द टोळीच्या नावाला चिकटवला. म्हणून चित्रकथेतल्या म्हातारीनं तो शहाळी सोलायला मागून घ्यावा, असं मी वर लिहिलं. ती चौकट मला हसवते आणि शब्द ज्याचा त्याला परतही देते.

आता मराठीत गुंड, जादू आणि हसू एकत्र आलं तेव्हा काय झालं ते पाहू. महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’ चित्रपटात १९९० साली कवट्या महाकाळ आला, आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू. तात्या विंचू म्हणजे मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरलेला खुनी. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. कल्पना म्हणून ती आजही मला थोर वाटते: ज्याला सगळं शहर टरकतं त्या माणसाला हातभर बाहुल्यात कोंबायचं. गुंडाला लहान करण्याचा याहून सरळ मार्ग सापडणं कठीण.

आणि तरीही तीस वर्षांनंतर तात्या विंचू हा लाडका आहे. पोरं त्याचा आवाज काढतात, त्याची चित्रं विनोदासाठी फिरतात. त्यात वाईट काही नाही, तो बाहुला आहे आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे. पण ज्याला आपण हसतो तो हळूहळू आपला होतो, ही गोष्ट त्यातून दिसते. बाहुल्याच्या बाबतीत ते चालून जातं. खऱ्या चौकातल्या, खऱ्या आडनावाच्या, खऱ्या रीलवाल्या भाईच्या बाबतीत चालेल का? तीस भाग वाचल्यावर वाचक त्याच्या बाजूनं झालेला असतो. नायक पळाला की वाचकाला सुटल्यासारखं वाटतं. चित्रकथेचं तंत्रच तसं आहे, ज्याच्यामागे आपण चौकटीमागून चौकट धावतो त्याचं भलं आपण चिंततो.

हिंदीत राज कॉमिक्सच्या बांकेलालनं यावर एक तोड काढली होती. तो कपटी दरबारी राजाचा काटा काढायला निघतो आणि शापामुळे त्याच्या प्रत्येक कारस्थानातून राजाचं भलंच होतं. लहानपणी ते वाचताना मजा येते, पण आपल्या कामाला ही तोड पुरी पडत नाही. बांकेलालच्या राजाचं भलं व्हायला शाप पुरतो. फुटलेली काच शापानं सांधली जात नाही.

मग गंभीरपणे मांडलं तर बरं, असं कुणी म्हणेल. त्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते याच भागाचं आहे. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. जमीन विकून आलेला पैसा उडाला, शेतकऱ्याचा पोर दुसऱ्याच्या दारात राबायला लागला आणि तिथून टोळीत शिरला, त्या वाटेचा शेवट काय होतो हे त्या चित्रपटानं तळमळीनं दाखवलं. हिंजवडी, मुळशी, मावळ, चाकण इथल्या हजारो घरांना ते आपलंच वाटलं. पण त्याच चित्रपटातल्या गाण्यांवर, चालीवर, नजरेवर केलेली रील मी स्वतः पाहिली आहेत, आणि ती करणाऱ्या मुलांनी शेवटचा भाग वगळला होता. दिग्दर्शकाचा हेतू निर्मळ होता यात मला शंका नाही. पण गांभीर्य गुंडाला उंची देतं. कॅमेरा खालून लागला, पार्श्वसंगीत घुमलं की मरणारा माणूसही हिरो दिसतो. म्हणजे हसण्यात धोका आहे म्हणून गंभीर व्हावं, तर तिथेही धोका आहेच, आणि माझ्या मते तो अधिक आहे. रीलवाल्या पोराला भव्य मरण हवंहवंसं वाटतं. फजिती त्याला नको असते. धांदरट भाईच्या चित्रावर तो आपला चेहरा लावणार नाही. इथे तराजू माझ्या मनात विनोदाकडे झुकतो.

एक रात्र मात्र तो मला फार झुकू देत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत पहाटे दोनच्या सुमाराला आरडाओरडा झाला आणि सकाळी पाहिलं तर रस्त्याच्या कडेला लावलेल्या आठ गाड्यांच्या काचा फुटलेल्या. मोटारी होत्या, एक टेंपो होता आणि कोपऱ्यावरच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या माणसाची रिक्षा होती. मोटारवाल्यांचे विमे होते. रिक्षावाला काच बसेपर्यंत घरी बसला आणि कर्जाचा हप्ता थकला. मुलं कोण होती ते पुढे कळलं. कुणाशी त्यांचं भांडण नव्हतं, परिसरात दहशत बसवायची होती एवढंच. त्या रिक्षावाल्याला नंतर कुणीतरी गमतीनं म्हणालं, अरे त्यातला एक जण पळताना गटारात पडला म्हणे. सगळे हसले. तो हसला नाही. त्याला राग आला होता असंही नाही, त्यानं फक्त विषय बदलला.

धांदरट गुंडाच्या कथेत सगळ्यांत आधी गायब होतो तो हा माणूस. गटारात पडणारा चित्रात येतो, काच गोळा करणारा येत नाही. विनोदाला वेग लागतो, आणि नुकसान मोजायला थांबलं तर वेग जातो, हे मला समजतं. पण पानवाल्याची, रिक्षावाल्याची भीती घालवण्यासाठी हसायचं असा दावा आपण वर केला. मग तोच चित्रात नसेल तर भीती कुणाची घालवली? आपण, ज्यांची काच फुटली नाही, आपलीच करमणूक केली.

दुसरी एक गोष्ट चित्रकारानं पेन्सिल उचलण्याआधी विचारात घ्यावी: चोराला चेहरा कुणाचा द्यायचा? हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त सतावतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसं जन्मतःच चोर ठरू लागली. पोलिसांत हजेरी, गाव सोडायला परवाना, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. देशभरात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. विमुक्त समाज तो दिवस आजही पाळतो. शिक्का मात्र कायद्याबरोबर गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ लिहिलं, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि ज्या नावानं पोलीस घरात शिरत तेच नाव त्यांनी पुस्तकाला दिलं. ते वाचलेल्या माणसाला दरोडेखोराचं ठरीव चित्र पुन्हा काढवणार नाही: काळा रंग, राठ केस, पारध्याचं किंवा रामोश्याचं वाटेल असं नाव.

आपल्या पट्ट्यात याचं नवं रूप तयार आहे. चाकणच्या खोल्यांत दाटीनं राहणारा परप्रांतीय कामगार, किंवा मराठवाडी हेल काढून बोलणारा पोरगा, यांना चोराच्या भूमिकेत बसवलं की शहरी वाचक पटकन हसतो. आपल्या नाटक-सिनेमानं ही सवय फार दिवस लावली आहे: शहाण्यानं प्रमाण मराठी बोलायची, बावळ्यानं खेड्याची. दादू इंदुरीकरांकडे हा दोष येत नव्हता, कारण ते गावच्या बोलीची नक्कल करत नव्हते, ती त्यांची स्वतःची बोली होती. सावळ्या आणि समोरचा प्रेक्षक एकाच मातीतले होते. चित्रकथा काढणारा जर निगडीच्या सोसायटीतला असेल आणि हसू खराबवाडीच्या खोलीतल्या पोराचं करत असेल, तर ते हसू मला नको आहे.

आणि खरं सांगायचं तर या पट्ट्यातला मोठा कायदाबाह्य माणूस कोयता घेऊन फिरतच नाही. तो पांढऱ्या कपड्यांत कंपनीच्या गेटवर जातो आणि भंगाराचा ठेका मागतो. भंगार, लेबर, कॅन्टीन, बस, पाण्याचे टँकर, प्रत्येकाचा ठेका आणि प्रत्येकावर कुणाचा तरी दावा. हमालांच्या हक्कासाठी १९६९ मध्ये झालेला माथाडी कायदा हा महाराष्ट्राच्या अभिमानाचा कायदा, पण त्याच्या नावाखाली माल न उचलताच पैसे मागणाऱ्यांची तक्रार उद्योजक वर्षानुवर्षं करत आले आहेत. गाड्या फोडणारी पोरं सापडतात, त्यांची छायाचित्रं येतात. ठेका मागणाऱ्याचं छायाचित्र येतं ते वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. विनोदानं वर पाहायचं असेल, सावळ्यासारखं दरबाराकडे, तर दरबार तिथे आहे. वेताळाच्या राज्यातही एखादा दिवाण असू द्या, ज्याला राज्यातलं सगळं भंगार हवं आहे, सिंहासनासकट. त्या चित्राला हसताना बसमधल्या कंत्राटी कामगाराला आपण कुणाला हसतोय हे बरोबर कळेल.

मग माझा कौल काय? अशी चित्रकथा व्हावी. भाईला हसायला दुसरं निमित्तही मिळतं, पण पोलिसांनी हात जोडायला लावलेल्या भाईची चित्रफीत गल्लीत जेवढी फिरते तेवढं तिचं हसू टिकत नाही. त्यात मार खाल्लेल्याची दयाही येते आणि सुटून आल्यावर तीच चित्रफीत त्याच्या नावावर जमा होते. कथेचं हसू अधिक खोल जातं, कारण ते त्या पोराच्या डोक्यातल्या चित्रालाच हात घालतं. घरी जमीन उरलेली नाही, कंपनीत सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, आणि आपण कुणीतरी आहोत असं वाटायला जवळ फक्त चौकातला दरारा आहे, अशा मुलाला उपदेश नको असतो. तो उपदेशाच्या वेळी मोबाइल काढतो. त्या मोबाइलवर त्याचाच भाऊबंद नदीपलीकडे जाऊन म्हातारीला शहाळी सोलून देतोय, आणि सोलता सोलता त्याला ते काम जमायला लागलंय, हे दिसलं तर तो पुढचा भागही उघडेल. मुलाची कीव करा, त्याच्या दराऱ्याची करू नका. दरारा पार मोडा. गुन्ह्याचं ओझं मात्र हलकं करू नका. हे दोन्ही एका चित्रात साधणं अवघड आहे. इंदोरीच्या एका माणसानं याहून अवघड गोष्टी उघड्यावरच्या फडात, हजारो लोकांसमोर साधल्या होत्या.

या पट्ट्यात चित्रं काढणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत, हे मला माहीत आहे. २०२४ च्या जानेवारीत शंभरावं नाट्यसंमेलन इथेच झालं, त्याआधी २०१६ मध्ये साहित्य संमेलन झालं. शहर मंडप घालायला मागे राहत नाही. त्यातला थोडा पैसा, थोडी जागा या मुलांना मिळावी, ही मागणी महापालिकेकडे मी याच ठिकाणी नोंदवतो.

आणि काढणाऱ्यांना एवढीच विनंती. पहिला भाग तयार झाला की तो मित्रांना पाठवण्याआधी, कुठे टाकण्याआधी, ज्याची काच फुटली आहे अशा एका माणसाला शोधा. रिक्षा स्टँडवर तो सापडेल. त्याच्या शेजारी बसा, त्याच्या हातात मोबाइल द्या आणि शेवटच्या चौकटीपर्यंत त्याला वाचू द्या. तो हसला, तर दुसरा भाग काढायला घ्या. त्यानं विषय बदलला, तर पहिला पुन्हा काढा.